‘अबाइड विथ मी’ आलं कुठून, आणि शब्दांशिवाय चार वाद्यांवर बसवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या उपासनेत ‘अबाइड विथ मी’ (‘माझ्यासोबत राहा’) हे इंग्रजी ख्रिस्ती गीत फक्त वाद्यांवर वाजवायचंय, हाताशी एक ट्रम्पेट, एक आल्टो सॅक्स, एक व्हायोलिन आणि कीबोर्ड आहे. घरात कोणी म्हणतं हे गांधीजींचं गीत, कोणी म्हणतं लष्कराचं, मग खरं कुठलं? आणि दिल्लीत २९ जानेवारीला लष्करी बँडचा बीटिंग रिट्रीट कार्यक्रम होतो, तिथे वाजायची ती अरेंजमेंट, म्हणजे वाद्यांसाठीची मांडणी, मिळेल का?

मी चर्चमध्ये ऑर्गन आणि कीबोर्ड वाजवतो आणि लहान ग्रुपसाठी पार्ट (प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद) लिहून देतो, त्यामुळे अशी विचारणा माझ्याकडे बरेचदा येते. माझ्या मते तुमची खरी अडचण अरेंजमेंट कुठे मिळेल ही नाहीये. हे गीत मुळात शब्दांसाठी जन्माला आलंय, शब्द काढून घेतल्यावर उरते ती चार ओळींची अगदी साधी चाल, आणि ती नुसती वाजवली तर दुसऱ्या कडव्यापासून लोक घड्याळाकडे बघायला लागतात. ते होऊ द्यायचं नसेल तर हे गीत कशातून आलं ते आधी माहीत पाहिजे, म्हणून पहिल्यांदा इतिहास सांगतो आणि मग वाद्यांकडे येतो.

शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे. जन्म १७९३ चा, स्कॉटलंडमधल्या एडनम गावचा, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, आणि आयुष्याची मोठी वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावात पाळक म्हणून गेली. छातीचं दुखणं जुनंच होतं, शेवटी शेवटी इंग्लंडचा हिवाळा सोसेना म्हणून ते दक्षिणेकडे निघाले आणि २० नोव्हेंबर १८४७ ला नीस इथे वारले (नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं), त्यांची कबर तिथेच आहे.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांनी आपल्या मंडळीला शेवटचा उपदेश केला, त्याच संध्याकाळी घरी आल्यावर हे गीत लिहून घरच्यांच्या हातात ठेवलं. ही गोष्ट त्यांच्या मुलीच्या आठवणीतून आलीय, १८५० मध्ये त्यांचं मरणोत्तर लिखाण छापलं गेलं त्यात तिने हे लिहिलंय. दुसरं एक मत असं की गीत १८२० सालचं आहे, ले हंट नावाचा एक मित्र मरणाच्या दारात असताना हेच शब्द परत परत म्हणत होता आणि ते लाइट यांच्या मनात बसले. तिसरी गोष्ट म्हणजे ऑगस्ट १८४७ च्या एका पत्रासोबत त्यांनी हे आपलं ताजं गीत म्हणून पाठवल्याचं अभ्यासक सांगतात. मला स्वतःला हे पत्राचं जास्त पटतं, म्हणजे गीत १८४७ च्या उन्हाळ्यातलं आणि त्या रविवारी संध्याकाळी ते फक्त घरच्यांना दिलं. मुलीची आठवण खोटी ठरत नाही, फक्त ‘एका बैठकीत उतरलं’ हा त्यावर नंतर चढलेला रंग आहे. बीज १८२० चं असेलही, पण जाण्याची वेळ आलीय हे कळलेल्या माणसाने लिहिलेलं हे गीत आहे हे प्रत्येक कडव्यात ऐकू येतं.

मूळ प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला, २४ व्या अध्यायातला. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूला न ओळखताच सोबत चालतायत, गाव जवळ येतं, आणि ते त्याला विनवतात की आमच्यासोबत राहा, संध्याकाळ होत आलीय. लाइट यांनी ही संध्याकाळ आयुष्याची करून टाकली. त्यामुळे हे गीत पुस्तकात सायंकाळच्या गीतांमध्ये छापलेलं दिसलं तरी लोक ते अंत्यविधीला गातात, आणि ते बरोबरच आहे. मूळ कडवी आठ आहेत, पुस्तकांमध्ये साधारण पाचच छापतात, तिसरं चौथं पाचवं गळतं. तुम्हाला याचा उपयोग एवढाच की ‘पूर्ण वाजवलं पाहिजे’ असलं दडपण घेऊ नका.

आता चाल. लाइट यांनी स्वतः एक चाल केली होती, सुरुवातीला गीत तिच्यावर होतं, ती टिकली नाही. आज आपण जी ओळखतो ती ‘इव्हनटाइड’ नावाची चाल विल्यम हेन्री मंक यांची. ते लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागातल्या सेंट मथायस चर्चचे ऑर्गनिस्ट होते आणि १८६१ मध्ये निघालेल्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या गीतसंग्रहाचे संगीत संपादक. चालीबद्दलही दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे कमिटीची बैठक संपल्यावर दहा मिनिटांत केली, दुसरी त्यांच्या पत्नीने सांगितलेली, की मोठ्या दुःखाच्या दिवसांत दोघं सूर्यास्त बघत होते आणि त्यानंतर त्यांनी ती लिहिली. दहा मिनिटांत लिहिलेली चालही अनेक वर्षांच्या सरावातूनच येते, त्यामुळे मला या दोन्हींत फार भांडण दिसत नाही. आपल्यासाठी एक जाता जाता, हे पुस्तक निघालं त्याच वर्षी, १८६१ मध्ये, मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा जन्म झाला, म्हणजे आज मराठी मंडळीत एकाच उपासनेत ज्या दोन धारा ऐकू येतात, विलायती चालीवरची गीतं आणि टिळकांची भजनं, त्यांची ही दोन टोकं एकाच सालातली आहेत. मला हे फार आवडतं.

एक सावधगिरी. याच शब्दांवर सॅम्युअल लिडल यांची एक वेगळी चाल आहे, १९ व्या शतकाच्या शेवटची, एकट्या गायकासाठी पियानोसोबत, गायिका क्लारा बट यांच्या गळ्यातून ती गाजली. ऑनलाइन नोटेशन शोधताना नाव तेच दिसतं म्हणून लोक ती उतरवून घेतात आणि मग तालमीत कळतं की हे ते नव्हेच. तुम्हाला ‘इव्हनटाइड’ आणि मंक ही दोन नावं असलेला कागद पाहिजे.

गांधीजी आणि लष्कर दोन्ही खरं आहे, फक्त गीत त्यांचं नाही, त्यांनी ते आपलंसं केलं. गांधीजींच्या आवडत्या ख्रिस्ती गीतांपैकी हे एक. लष्कराचं म्हणाल तर ‘रिट्रीट’ हा मुळात सूर्यास्ताचा बिगुल, झेंडा उतरवायची वेळ, त्या वेळेला संध्याकाळचं गीत आपोआपच शोभतं. आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर रॉबर्ट्स यांनी एकत्र बँडचा जो कार्यक्रम बसवला त्यातून दिल्लीच्या विजय चौकातलं २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीट उभं राहिलं, आणि ‘अबाइड विथ मी’ तिथे वर्षानुवर्षं वाजत राहिलं. २०२० मध्ये ते काढणार अशी चर्चा झाली पण वाजलं, २०२१ लाही वाजलं, २०२२ पासून काढलं आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आलं. तुमच्या आजोबांच्या पिढीच्या बँडवाल्यांना हे गीत चर्चइतकंच परेड ग्राउंडवरून माहीत असणार, त्यामुळे तुम्ही निवडलंय ते अगदी योग्य निवडलंय.

तिथली अरेंजमेंट हवीय म्हणालात. नीट ऐकलंत तर लक्षात येईल की तिचा सांगाडा मंक यांच्या चार आवाजांचाच आहे, वरून खाली सोप्रानो आल्टो टेनर बेस, तेच आवाज बँडच्या वाद्यांवर वाटून दिलेत. अंगावर काटा येतो तो हार्मनीमुळे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमुळे) नाही तर जागेमुळे, बँड मंद वाजत असतो आणि ट्युब्युलर बेल्स (धातूच्या नळ्यांच्या घंटा) मुद्दाम दूर ठेवलेल्या असतात, त्यांचा आवाज लांबून येतो. म्हणजे तिथून उचलायचं असेल तर कागद नको, अंतर उचला. ते तुमच्या चार जणांनाही जमेल, पुढे सांगतो.

चाल आधी सरगममध्ये लिहून देतो, म्हणजे हार्मोनियमवाल्यांनाही कळेल. पहिली ओळ ग ग रे सा प, ध प प म ग. दुसरी ग म प ध प, म रे ग, मग तीव्र मध्यम, आणि प वर मुक्काम. तिसरी ग ग रे सा प, प म म ग रे. चौथी रे ग म ग रे, सा म ग रे सा. बघा, सगळी चाल सा ते ध एवढ्यातच फिरते, निषाद कुठेच नाही, आणि सगळ्या गीतात बाहेरचा स्वर एकच, दुसऱ्या ओळीच्या शेवटचा तो तीव्र मध्यम. तिथे हार्मनी खरोखरच पंचमाला सा करून बसते, काळोख दाटत चाललाय म्हणणारी ओळ असूनही चाल वर चढते आणि उजेडात जाऊन थांबते. मला विचाराल तर सगळ्या गीताचा जीव त्या एका स्वरात आहे, तो कीबोर्डवाल्याने दाबून टाकू नये आणि ट्रम्पेटने ओरडू नये.

याच कारणासाठी तानपुऱ्याचं ॲप बंद ठेवा. आपल्याकडे कीबोर्डखाली सा-प चालू ठेवायची सवय झालीय, भजनाला छानच वाटतं, पण इथे दुसऱ्या ओळीत आधार सरकतो आणि खालचा सा तसाच राहिला की तीव्र मध्यमाशी भांडतो. तबल्याचंही तेच. प्रत्येक ओळ मोजली तर बरोबर १६ मात्रांची भरते, त्यामुळे कोणीतरी तीनताल लावूया म्हणणारच, पण या चालीत दोन दोन मात्रांचे स्वर आणि शेवटी चार मात्रांचा ठहराव आहे, त्या जागा ठेक्याने भरल्या की विनवणी संपते. ठेका पाहिजे तिथे टिळकांची भजनं आहेतच, त्याच उपासनेत एक ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, श्वास. लय चारही ओळींची सारखीच आहे, मात्रांमध्ये दोन एक एक, दोन दोन, एक एक एक एक, चार, म्हणजे चार चार मात्रांचे चार बार. सारखी आहे म्हणूनच वाद्यावर ती कंटाळवाणी होते, कारण वाजवणारे चारही ओळींत एकाच जागी श्वास घेतात, साधारण दोन बार झाले की. पण शब्द तसे थांबत नाहीत. पहिल्या ओळीत ‘अबाइड विथ मी’ नंतर स्वल्पविराम आहे, म्हणजे दुसऱ्या बारच्या मधोमध, सा आणि प च्या मध्ये. दुसऱ्या ओळीत ‘द डार्कनेस डीपन्स’ नंतर, म्हणजे दुसरा बार पूर्ण झाल्यावर. तिसऱ्या ओळीत ‘व्हेन अदर हेल्पर्स फेल’ इथे अर्थ पूर्ण होतो, म्हणजे तिसऱ्या बारचा पहिला स्वर घेऊन मग, त्याच्या आधी मुळीच नाही. चौथ्या ओळीत ‘हेल्प ऑफ द हेल्पलेस’ नंतर, परत दुसऱ्या बारच्या शेवटी. फक्त एवढं केलं तरी वाद्य बोलायला लागतं. मी पार्ट लिहितो तेव्हा स्वरांखाली पहिल्या कडव्याचे शब्द लिहूनच देतो, सॅक्सला सुद्धा, व्हायोलिनला सुद्धा, आणि पहिल्या तालमीत वाद्यं बाजूला ठेवून सगळ्यांकडून ते म्हणवून घेतो, ज्यांना गाता येत नाही त्यांनी नुसतं वाचलं तरी चालतं. तुमच्या मंडळीत लोक मराठी शब्द म्हणत असतील तर श्वास त्या शब्दांवर ठरवा, इंग्रजीवर नाही, कारण लोक मनात तेच म्हणत असणार.

पट्टी. मंक यांची चाल साधारण ई फ्लॅटमध्ये छापलेली असते, म्हणजे आपली काळी दोन, आणि तुमच्या वाद्यांना तीच सोयीची आहे. ट्रम्पेट आणि आल्टो सॅक्स लिहिलेल्या स्वरापेक्षा वेगळा स्वर देतात, त्यामुळे त्यांचा कागद वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो, ट्रम्पेटचा पार्ट एफ मेजरमध्ये येतो, आल्टो सॅक्सचा चक्क सी मेजरमध्ये. व्हायोलिनवाला कुरकुर करेल कारण मोकळ्या तारा फारशा मिळत नाहीत, तो म्हणेल डी घ्या, म्हणजे पांढरी दोन, पण डी घेतलं की ट्रम्पेटला चार शार्प आणि सॅक्सला पाच शार्प, आणि स्मृतिदिनाच्या दिवशी हात थरथरत असताना हे नको. अगदीच अडलं तर एफ घ्या, ट्रम्पेटला जी आणि सॅक्सला डी पडतं, सगळ्यांना चालतं. पण लोक सोबत गुणगुणणार असतील तर एफमध्ये वरचा स्वर वयस्कर मंडळींना टोचतो, तेव्हा ई फ्लॅटच बरं. हे मात्र तुमच्या मंडळीवर आहे, तुम्हाला जास्त माहीत. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण वापरत असाल तर उपासना सुरू व्हायच्या आधी एकाने ते बघून घ्यावं. आणि चर्चमध्ये जुना हार्मोनियम किंवा ऑर्गन सोबत घेणार असाल तर त्याचा सूर आधी ट्यूनरवर तपासा, तो सरकलेला असला तर ट्रम्पेट आणि सॅक्स थोडेफार जुळवून घेतील पण कीबोर्ड आणि ऑर्गन एकत्र वाजवू नका.

मांडणी मी अशी करेन, चार कडवी. पहिलं कडवं फक्त कीबोर्ड, मंक यांचे चार आवाज जसेच्या तसे, पाइप ऑर्गनचा हलका आवाज, स्ट्रिंग्जचा थर नको. दुसरं सॅक्सला द्या, छापील चालीपेक्षा एक सप्तक खाली, तिथे आल्टोला लिहिलेला सी ते ए एवढंच लागतं आणि तो आवाज माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळ जातो. आजोबा क्लॅरिनेटवाले होते, म्हणून चालीचं पहिलं एकट्याने वाजवलेलं कडवं क्लॅरिनेटसारख्याच रीडच्या (पातळ पट्टीतून फुंकायच्या) वाद्यालाच मिळावं असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्यात व्हायोलिन चाल घेईल, सॅक्स खाली टेनरची ओळ धरेल, आणि कीबोर्डने कमीत कमी वाजवायचं, जमलं तर बंदच. चौथ्यात सगळे, व्हायोलिन एक सप्तक वर, चाल सॅक्सकडे आणि कीबोर्डकडे.

आणि ट्रम्पेट? तोपर्यंत ट्रम्पेट पुढे नकोच. त्याला मागे दाराजवळ किंवा गॅलरी असेल तर तिथे उभा करा, आणि चौथ्या कडव्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी जो चार मात्रांचा स्वर आहे तिथे त्याने उत्तर द्यायचं, दोन किंवा तीन स्वर फक्त, हळू, व्हायब्रेटो न घेता, म्हणजे स्वर न थरथरवता. विजय चौकात घंटा करायच्या तेच काम हे. पहिल्या ओळीनंतर सा-प, दुसरीनंतर नुसता प, तिसरीनंतर प-रे, आणि शेवटच्या ओळीनंतर परत सा-प-सा, हे सगळे स्वर त्या त्या हार्मनीत बसतात. लांबून आवाज यायला किंचित उशीर लागतो त्यामुळे ट्रम्पेटवाल्याने कानावर न जाता नजरेवर जायचं, म्हणजे कीबोर्डवाल्याची मान दिसेल असं उभं राहायचं. आणि पितळी वाद्य थंड झालं की सूर उतरतो, उपदेश लांबला तर मधेमधे आवाज न करता त्यात गरम श्वास सोडत राहायचं, नाहीतर तो पहिलाच स्वर खाली लागतो.

लय किती? लोक गाणार असतील तर मिनिटाला ७० मात्रांच्या आसपास, नुसती वाद्यं असतील तर ६० ते ६४. ६० ने एक ओळ १६ सेकंदांची, कडवं एक मिनिट चार सेकंदांचं, चार कडवी सव्वाचार मिनिटं. चर्च दगडी आणि उंच छताचं असेल तर आवाज घुमतो तिथे अजून थोडं सावकाश चालतं, पत्र्याचं किंवा बैठ्या छताचं असेल तर ६० सुद्धा कोरडं वाटेल, ६६ करा. चार जास्त होतायत असं वाटलं तर तिसरं काढा, बाकीचं हलवू नका.

शेवटच्या कडव्याआधी अर्धा स्वर वर चढवायची फॅशन आहे, कृपा करून नको. ही चाल सगळी खाली उतरून सा वर येते, तिला जबरदस्तीने वर नेलं की सिनेमाचा शेवट वाटतो. नवीन कॉर्ड घालायची हौस असेल तर एकच ठिकाण, तिसऱ्या ओळीखाली कीबोर्डने पंचम धरून ठेवायचा, वरची चाल आपोआप ताणली जाते आणि चौथी ओळ सुटते. दुसऱ्या ओळीला हात लावू नका, मंक यांनी तिथे जे केलंय त्यापेक्षा चांगलं मला तरी सुचलेलं नाही. साधेपणावर विश्वास बसत नसेल तर थेलोनिअस मंक या जाझ पियानिस्टचं १९५७ चं रेकॉर्डिंग ऐका, आडनाव तेच, त्यांच्या ‘मंक्स म्युझिक’ या अल्बमची सुरुवातच या चालीने होते, पियानोसुद्धा नाही, फक्त फुंकायची वाद्यं, एक कडवं, मिनिटभराच्या आत संपतं.

कॉपीराइटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण उपासना लाइव्ह दाखवणार असाल तर लागेल. लाइट १८४७ ला गेले, मंक १८८९ ला, त्यामुळे शब्द, चाल आणि मंक यांची मूळ हार्मनी सगळ्यांची आहे, वाजवा, छापा, बदला. पण अलीकडे कोणी केलेली अरेंजमेंट किंवा रेकॉर्डिंग हे वेगळं, भारतात अरेंजमेंट करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणून विकतचा पीडीएफ फोटोकॉपी करून चौघांना वाटण्यापेक्षा मूळ चार आवाज घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे स्वतःच वाटून लिहा, एका संध्याकाळचं काम आहे. लाइव्हवर तरीही कधीकधी आपोआप कॉपीराइटचा क्लेम (हक्काचा दावा) येतो, तेव्हा चाल मंक यांची आणि वादन आमचं असं लिहून उत्तर पाठवायचं.

पार्ट लिहून झाले की इथे टाका, सॅक्सचं दुसरं कडवं आणि ट्रम्पेटची उत्तरं मी बघून देईन. टाकताना चर्चचं छत कसं आहे आणि लोक मराठीत म्हणतात की इंग्रजीत एवढं मात्र नक्की लिहा, श्वासाच्या खुणा त्यावरच ठरतील.